पगार, ऊस, दूध बिल, भिशी… सगळा हिशोब साध्या टेक्स्ट फाईलमध्ये ठेवता येतो का?

शिरोली_सेकंडशिफ्ट

नमस्कार मंडळी. नोकरी शिरोली एमआयडीसीत, राहायला करवीर तालुक्यातल्या गावात, घरात आई-बाबा, मी, बायको आणि पोरगी. पैशाचे रस्ते लई झालेत. माझा पगार, बायको शिवणकाम करते तिचे पैसे, दोन म्हशींचं दूध बिल दर दहा दिवसांनी, एकरभर ऊस आहे त्याचं बिल, बाबांच्या नावावर सोसायटीचं पीककर्ज, आईची भिशी, पतसंस्थेत रिकरिंग आणि वरनं लक्ष्मीपुरीतल्या दुकानात किराण्याची उधारी.

मेसेज वाचून हिशोब करणारी दोन-तीन ॲप वापरून बघितली. ती शहरातल्या एकट्या पगारदार माणसासाठी बनवल्यासारखी वाटतात. भिशीचा हप्ता भरला की खर्च दाखवतात, भिशी लागली की ते सगळे पैसे उत्पन्न म्हणून दाखवतात, एका खात्यातनं दुसऱ्या खात्यात पैसे टाकले तरी खर्च. रोख व्यवहार तर त्यांना दिसतच नाहीत आणि आमच्याकडं निम्मा व्यवहार रोखीत. शिवाय माझे सगळे मेसेज कुठल्यातरी सर्व्हरवर जाणार हे मला पटत नाही.

मग प्लेन टेक्स्ट अकाउंटिंग बद्दल वाचलं, म्हणजे साध्या टेक्स्ट फाईलमध्ये नोंदी लिहायच्या आणि प्रोग्रॅम रिपोर्ट काढून देतो. कल्पना आवडली. पण जेवढी उदाहरणं बघितली ती सगळी डॉलर, क्रेडिट कार्ड आणि कॉफीची. लेजर, एचलेजर, बीनकाउंट या प्रोग्रॅमातलं कुठलं घ्यावं, मराठीत खात्यांची नावं चालतात का, आणि भिशी, ऊसबिल असलं काही यात बसतं का? कोल्हापूर भागात कोणी वापरत असेल तर सविस्तर सांगा, वेळ लागला तरी चालेल.

---

राजारामपुरी_७वीगल्ली

भावा, बसतंय. उलट ॲपमध्ये जे बसत नाही तेच यात नीट बसतं, कारण इथं खात्यांची यादी तुझी तू ठरवतोस.

आधी कुठलं घ्यायचं ते. लेजर मूळचा, जॉन वीगली यांनी २००३ मध्ये काढला, बाकीचे त्याच्यावरनंच आले. एचलेजर सायमन मायकल यांनी २००७ ला सुरू केला, फाईलची पद्धत जवळपास लेजरचीच पण चुका समजावून सांगतो आणि बँकेचं सीएसव्ही (स्टेटमेंटची स्वल्पविरामानं तोडलेली फाईल) आत घ्यायची सोय चांगली आहे. बीनकाउंट मार्टिन ब्ले यांचा, पायथनमधला, तो नियमाला कडक. मी एचलेजर वापरतो आणि तुलाही तेच सांगीन, विंडोजवर झिप उतरवून उघडली की चालतं. पण यात अडकून पडू नकोस, तिन्हीच्या फाईली एकमेकांत बदलता येतात, महत्त्वाचं आहे ते खाती कशी पाडायची.

मुख्य खाती पाचच: संपत्ती, देणं, उत्पन्न, खर्च आणि भांडवल. प्रत्येक नोंदीत पैसा एकीकडनं निघतो आणि दुसरीकडं पोचतो, बेरीज शून्य आली पाहिजे, नाही आली तर प्रोग्रॅम नोंद घेतच नाही. साधी नोंद अशी:

२०२५-०४-०५ लक्ष्मीपुरी किराणा, उधार
    खर्च:घर:किराणा      ₹३,४५०
    देणं:किराणा दुकान

खाली रक्कम लिहिली नाही तरी तो स्वतः काढतो. उधारी आहे म्हणून खर्च आजच पडला आणि देणं वाढलं, पैसे देशील तेव्हा फक्त देणं कमी होईल, खर्च परत पडणार नाही.

आता भिशी. ही नीट समजून घे कारण इथंच सगळी ॲप फसतात. समजा बारा जणांची आहे, महिन्याला ५,००० चा हप्ता. भरलेला हप्ता खर्च नाहीच, ते तुझेच पैसे दुसऱ्याकडं आहेत, म्हणून "संपत्ती:भिशी" मध्ये टाकायचे. चौथ्या महिन्यात तुझी भिशी लागली, ६०,००० हातात आले. ते उत्पन्न नाही, "संपत्ती:भिशी" मधनं ६०,००० वजा. तोवर २०,००० भरलेले, म्हणजे खातं उणे ४०,००० वर गेलं, आणि ते खरंच आहे, तेवढं तू मंडळाला देणं लागतोस. राहिलेले आठ हप्ते भरले की ४०,००० होतात आणि खातं बरोबर शून्यावर येतं. शून्यावर नाही आलं तर एखादा हप्ता लिहायचा राहिलाय असं समजायचं. लिलावाची भिशी असेल तर जेवढे कमी घेऊन उचलली तो फरक "खर्च:भिशी सूट" मध्ये, आणि दुसऱ्याच्या लिलावातनं वाटणी आली तर ती उत्पन्नात.

ऊसबिलाला दोन नोंदी कराव्या लागतात. ऊस कारखान्याला गेला त्या दिवशी एक, पैसे आले त्या दिवशी एक. समजा ४० टन गेला आणि तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला ३,१०० पडले:

२०२५-०१-१२ ऊस गेला, ४० टन
    संपत्ती:येणं:ऊसबिल      ₹१,२४,०००
    उत्पन्न:शेती:ऊस

२०२५-०२-०३ ऊसबिल जमा
    संपत्ती:बँक:बाबा      ₹६४,०००
    देणं:सोसायटी पीककर्ज      ₹६०,०००
    संपत्ती:येणं:ऊसबिल      ₹-१,२४,०००

सोसायटीनं बिलातनं कर्ज परस्पर कापलं तरी तुझ्या वहीत ऊस १,२४,००० चाच दिसतोय, ६४,००० चा नाही. आणि "येणं" मध्ये पहिल्या नोंदीची तारीख असतेच, त्यामुळं किती दिवस झाले ते लगेच कळतं. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणं १४ दिवसात एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायला पाहिजे, तारीख लिहिलेली असली की माणूस त्यावर बोलू शकतो.

दूध बिलालाही हेच. संस्थेनं ९,८०० चं बिल काढलं, पशुखाद्याचे २,६०० कापले, हातात ७,२०० आले, तर उत्पन्न ९,८०० लिही आणि २,६०० खर्चात. हातात आले तेवढेच लिहिले तर म्हशी परवडतात का नाही हे कधीच कळणार नाही.

सुरुवात करताना मागचं वर्ष उकरत बसू नको. १ तारीख धर, प्रत्येक खात्यात आज किती आहे ते "भांडवल:सुरुवातीची शिल्लक" समोर लिही आणि पुढं चाल. खर्चाची खातीही सुरुवातीला दहा-बाराच्या वर नकोत.

---

मंगळवारपेठ_कर

वरच्या दादांनी छान लिहिलंय, मी कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करते आणि घरी बीनकाउंट वापरते, त्यामुळं करापुरतं थोडं घालते.

ऊस आणि दूध ही दोन उत्पन्नं वेगळ्या खात्यात ठेवा आणि "शेती" या एका नावाखाली एकत्र करू नका. उसाचं उत्पन्न आयकर कायद्यात शेतीचं आहे, करमुक्त आहे. पण दूध धंद्याचं उत्पन्न शेती उत्पन्न धरत नाहीत, गावात आपण दोन्हीला शेतीच म्हणतो तरी. आणि करमुक्त म्हणजे दाखवायचंच नाही असं नाही हो, निव्वळ शेती उत्पन्न ५,००० च्या वर असेल आणि बाकी उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर कराचा दर काढताना ते मिळवतात. म्हणून बी, खत, औषध, मशागत, पाणीपट्टी हे खर्चही "खर्च:शेती" खाली वेगळे पाहिजेत, निव्वळ काढायला. जमीन आणि बिल बाबांच्या नावावर, तर ते उत्पन्नही बाबांचंच, खात्याच्या नावातच बाबा, मी, बायको असं टाकलं की मार्चनंतर शोधाशोध नाही.

पगाराची नोंदही पूर्ण करा, फक्त बँकेत आलेला आकडा नको. समजा ४५,००० पगार, तर पीएफ १,८००, व्यवसाय कर २००, बँकेत ४३,०००. पीएफ हा खर्च नाही, "संपत्ती:पीएफ" मध्ये जातो. व्यवसाय कर फेब्रुवारीत ३०० कापतात म्हणजे वर्षाचे २,५०० होतात, तो महिना कमी का आला म्हणून दरवर्षी कोणीतरी विचारतंच. कंपनीचा जो तेवढाच वाटा असतो त्यातले १,२५० पेन्शनला जातात आणि ५५० पीएफला, हे १५,००० च्या मर्यादेवर पीएफ कापत असतील तर. ते ५५० सुद्धा लिहिले तर पासबुकाशी मेळ बसतो.

एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याची ठराविक गुंतवणूक) असेल तर ५,००० पैकी ४,९९९.७५ च गुंतलेले दिसतील, ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क जातं १ जुलै २०२० पासून. ते २५ पैसे खर्चात टाका, नाहीतर युनिटचा गुणाकार जुळत नाही. आणि ॲम्फी (म्युच्युअल फंडांची संघटना) रोजच्या एनएव्हीची, म्हणजे एका युनिटच्या किमतीची, साधी टेक्स्ट फाईल देते, अर्धविरामानं तोडलेली, त्यातनं आपल्या फंडाची ओळ उचलून किमतीची नोंद करणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली की गुंतवणुकीची आजची किंमत रिपोर्टमध्ये येते. सोनंही ग्रॅममध्ये ठेवता येतं असंच, पाटल्या कितीला घेतल्या आणि आज काय किंमत.

बीनकाउंटबरोबर फावा म्हणून आहे, ब्राउझरमध्ये आलेख आणि तक्ते दाखवतं. घरातल्यांना काळी स्क्रीन दाखवली तर कोणी बघत नाही, फावा उघडून दिलं की सासूबाई सुद्धा विचारतात गॅसचा एवढा कसा झाला.

---

जुना_दिवाणजी

बाळांनो वाचून आनंद झाला. मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर माझी नोकरी गेली, किर्द आणि खतावणी हातानं लिहिलेली. तुमच्या या फाईलीत नोंदी ज्या क्रमानं लिहिता ती किर्द झाली, आणि प्रोग्रॅम खात्यावार काढून देतो ती खतावणी. आम्हाला किर्दीतनं खतावणीत उतरवताना रात्र व्हायची आणि चूक व्हायची ती तिथंच व्हायची. ते काम मशीन करत असेल तर उत्तमच आहे.

पण एक काम मशीन करणार नाही. रोकड मोजणे. अडतीवर दुकान बंद करायच्या आधी गल्ला मोजून किर्दीच्या शिलकेशी जुळवल्याशिवाय मालक घरी सोडत नसत, आणि फरक दुसऱ्या दिवसावर गेला की तो सापडत नाही हे मी स्वतः बघितलेलं आहे. घरी रोज जमणार नाही, पण आठवड्यातनं एकदा बटव्यातले, डब्यातले, कपाटातले पैसे मोजा आणि वहीशी ताडून बघा. शहरात यूपीआय वाढलं तरी कपिलतीर्थात भाजी घेताना, मजुरांना देताना, देवाधर्माला रोखच जाते. या तुमच्या प्रोग्रॅममध्ये अशी मोजलेली शिल्लक लिहायची सोय आहे का?

---

राजारामपुरी_७वीगल्ली

काका आहे की, आणि तीच माझ्या मते सगळ्यात कामाची सोय. रकमेपुढं बरोबरचं चिन्ह टाकून मोजलेली शिल्लक लिहायची:

२०२५-०४-१३ रोकड मोजली
    संपत्ती:रोख:डबा      ₹० = ₹१,८४०

वहीप्रमाणं तेवढी नसेल तर प्रोग्रॅम तिथंच थांबतो आणि किती फरक आहे ते दाखवतो. खरंच सापडला नाही फरक तर "खर्च:न लागलेला" मध्ये टाकून पुढं जायचं, पण ते खातं लपवायचं नाही, महिन्याला बघायचं. बँकेच्या खात्यालाही दर महिन्याच्या शेवटी स्टेटमेंटची शिल्लक अशीच लिहायची, म्हणजे पुढं कधी घोळ झाला तर त्या महिन्याच्या आतच शोधायचा असतो. बीनकाउंटवाल्यांनी एक लक्षात ठेवा, तिथली शिल्लक दिवसाच्या सुरुवातीची धरतात, म्हणून ३१ मार्चची अखेर शिल्लक १ एप्रिल तारीख टाकून लिहावी लागते.

---

शिरोली_सेकंडशिफ्ट

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं व्यवस्थित कोणी सांगितलं नव्हतं. एचलेजर टाकलं, खाती मराठीत पाडली, नोंदी घेतोय. आता तीन ठिकाणी अडलोय.

एक, सगळ्या खात्यांची शिल्लक नीट दिसते पण ताळेबंद आणि उत्पन्न-खर्चाचा रिपोर्ट मागितला की रिकामा येतो. दोन, उत्पन्न सगळं उणे दिसतंय, बाबा म्हणाले पगार उणे कसा असंल. तीन, बँकेचं स्टेटमेंट हातानं लिहायचं का, माझे यूपीआयचेच दिवसाला पाच-सहा असतात.

---

राजारामपुरी_७वीगल्ली

पहिलं मराठी नावांमुळं होतंय. एचलेजर इंग्रजी नावं ओळखतो, मराठी नावावरनं त्याला कळत नाही कुठलं खातं कशातलं. फाईलच्या वरती अकाउंट डिरेक्टिव्ह (प्रोग्रॅमला सूचना देणारी ओळ) लिहायचं, पाच मुख्य खात्यांना एकेक, आणि अर्धविरामानंतर टाइप टॅग: संपत्तीला ए, देण्याला एल, भांडवलाला ई, उत्पन्नाला आर, खर्चाला एक्स. पोटखाती आपोआप तोच प्रकार घेतात. हे केलं की दोन्ही रिपोर्ट भरून येतील. तिथंच रुपयाचं कमोडिटी डिरेक्टिव्ह १,००,००,०००.०० असं आपल्या पद्धतीच्या स्वल्पविरामानं लिही, म्हणजे रिपोर्टमध्ये लाख-कोटी आपल्यासारखे दिसतील, नाहीतर वाचताना डोकं फिरतंय. इथं आम्ही मराठी अंक टाकलेत पण फाईलमध्ये तारीख आणि रक्कम इंग्रजी अंकातच पाहिजे. आणि खात्याचं नाव व रक्कम यात कमीत कमी दोन स्पेस, एकच दिली तर तो रक्कम पण नावाचाच भाग समजतो. नवीन माणसाचा सगळ्यात जास्त वेळ इथंच जातो.

दुसऱ्याचं दिवाणजी काका माझ्यापेक्षा बरं सांगतील.

तिसरं, बँकेच्या साईटवरनं सीएसव्ही उतरव आणि एक रूल्स फाईल लिही. वरच्या पत्त्याबित्त्याच्या ओळी किती सोडायच्या, तारखेची पद्धत काय, काढलेले आणि भरलेले कुठल्या रकान्यात, एवढं एकदा सांगितलं की झालं. मग त्याखाली ओळखीचे शब्द: नरेशनमध्ये (व्यवहाराच्या तपशिलात) वीज कंपनीचं नाव आलं तर खर्च:वीज, पेट्रोल पंपाचं आलं तर खर्च:पेट्रोल, दूध संस्थेचं आलं तर उत्पन्न:दूध. यूपीआयच्या नरेशनमध्ये समोरच्याचं नाव असतं त्यामुळं नेहमीचा भाजीवाला, रिक्षावाला एकदा शिकवला की पुढं आपोआप. जे ओळखता येत नाही ते अननोनमध्ये पडतं, तेवढंच हातानं बघायचं. इम्पोर्ट कमांड आधी कुठल्या तारखेपर्यंत घेतलंय ते लक्षात ठेवते म्हणून तीच फाईल परत दिली तरी नोंदी दुबार होत नाहीत, तरी पहिल्यांदा ड्राय रन (खरी नोंद न करता नुसती चाचणी) करून बघच.

एका स्वतःच्या खात्यातनं दुसऱ्यात पाठवलेले पैसे मात्र दोन्ही स्टेटमेंटमध्ये येतात. त्यासाठी "संपत्ती:वाटेत" असं खातं कर, एका बँकेतनं निघाले की वाटेत, दुसऱ्या बँकेत पोचले की वाटेतनं वजा. ते खातं शून्य असलं की सगळं पोचलं.

आणि आर्थिक वर्षाचा रिपोर्ट काढताना शेवटची तारीख १ एप्रिल दे, ३१ मार्च नको, कारण शेवटची तारीख तो धरत नाही आणि मार्च एंडच्या दिवसाचेच व्यवहार गळतात. फाईल गिटमध्ये (फाईलीतला प्रत्येक बदल जपून ठेवणारा प्रोग्रॅम) ठेव पण खाजगी, आणि एक कॉपी पेन ड्राईव्हवर असू दे.

---

जुना_दिवाणजी

उणे-अधिकचं असं आहे. अधिक म्हणजे नावे, उणे म्हणजे जमा. पगाराच्या दिवशी बँकेच्या नावे ४३,००० पडले, पीएफच्या नावे १,८००, कराच्या नावे २००, आणि हे सगळे जिथनं आले त्या पगार खात्याला ४५,००० जमा. जमा आहे म्हणून उणे दिसतं, तोटा म्हणून नाही. बाबांना शिलकेचा कच्चा रिपोर्ट न दाखवता उत्पन्न-खर्चाचा दाखवा, त्यात चिन्ह उलटून येतं.

---

कळंबा_कडचा

मला एवढंच विचारायचं होतं की घरात लिहिणार कोण. नवरा-बायको दोघं मोबाईलवर खर्च करणार आणि फाईल एकाच्या लॅपटॉपवर, मग?

---

मंगळवारपेठ_कर

आमच्याकडं दोघांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात दोघंच. रोख काही दिलं की लगेच तिथं एक ओळ, "भाजी १४० डबा" म्हणजे कशाला, किती, कुठल्या पैशातनं. बँकेचं लिहायची गरज नाही, ते सीएसव्हीतनं येतं. रविवारी सकाळी मी त्या ओळी फाईलमध्ये घेते आणि तो डब्यातले पैसे मोजतो. लिहिणारा एकच हात असावा असं माझं मत आहे, बघणारे मात्र सगळे. एचलेजरवाल्यांना एचलेजर-वेब आहे, घरच्या वायफायवर मोबाईलच्या ब्राउझरमध्ये उघडतं. आणि बायकोच्या शिवणकामाच्या पैशाचं खातं तिच्या नावानं वेगळंच असू दे हो दादा, घरखर्चात मिसळलं की ती किती कमावते हे तिलाच दिसत नाही.

---

शिरोली_सेकंडशिफ्ट

ताई ते आजच वेगळं करतो, बरोबर आहे तुमचं. ताळेबंद पण आला, पहिल्यांदाच सगळं देणं एका जागी बघितलं. शेवटचं विचारतो, पुढच्या महिन्यात तिसरी म्हैस घ्यायची आहे ९०,००० पर्यंत. ती खर्चात टाकली तर तो महिना भयानक दिसणार.

---

जुना_दिवाणजी

म्हैस खर्च नव्हे, "संपत्ती:जनावरं" मध्ये ९०,००० घाला. पुढं वेतं झाल्यावर विकली आणि ५५,००० आले तर बँकेच्या नावे ५५,०००, "खर्च:दूध धंदा:जनावर घट" च्या नावे ३५,०००, आणि जनावरं खात्याला ९०,००० जमा. वैरण, पेंड, डॉक्टर हे मात्र ज्या त्या महिन्याच्या खर्चातच. रेडकू घरी झालं तर त्याला किंमत लावू नका, विकाल तेव्हा जे येईल ते उत्पन्न. आणि बाजारातनं आणताना दलाली, टेम्पो भाडं लागेल, ते म्हशीच्याच किमतीत मिळवा.